‘डावलले’ की ‘हुकले’? ऑस्कर नामांकनांवर वाद घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या चित्रपटप्रेमी गटात ऑस्करची नामांकने जाहीर झाली की दोन दिवस कडाक्याचे भांडण होते. ‘चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन आणि दिग्दर्शकाला नाही, मग तो चित्रपट काय आपोआप तयार झाला?’ इथून सुरुवात होते. मग ‘सगळा पैशाचा खेळ आहे’ आणि ‘भारताला ते कधी देणारच नाहीत’ यावर शेवट होतो. हाच वाद काही हाती लागेल असा कसा घालायचा, हे तुम्हाला हवे आहे.

मला खरी अडचण दिसते ती एका क्रियापदात. नामांकने आली की आपण लगेच म्हणतो, अमक्याला डावलले. ‘डावलले’ला कर्ता लागतो. कोणीतरी समोर असलेल्या माणसाकडे पाहून, विचार करून, त्याला बाजूला सारावे लागते. ‘हुकले’ला असा कर्ता लागत नाही. ऑस्करची यादी म्हणजे बंद खोलीत बसलेल्या परीक्षकांचा निर्णय नसतो, ती हजारो लोकांनी एकमेकांशी न बोलता भरलेल्या मतपत्रिकांची मोजणी असते. त्यामुळे बहुतेक वेळा तिथे हुकलेले असते. कधीकधी खरोखर डावललेले असते, पण ते ओळखायची रीत वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

पुरस्कार कोणता, यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून आहे. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकन हा टप्पाच नसतो. प्रादेशिक परीक्षक मंडळे चित्रपट पाहून शिफारशी करतात, केंद्रीय मंडळ चर्चा करून थेट निकाल देते. तिथे मोजक्या माणसांनी समोरासमोर बसून ठरवलेले असते, म्हणून त्यांना ‘का?’ विचारणे रास्त आहे. महाराष्ट्र शासनाच्या राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत नामांकने आधी जाहीर होतात आणि अंतिम नावे सोहळ्यात कळतात, पण तिथेही निवड परीक्षकांचीच. वाहिन्यांच्या पुरस्कारांत काही विभाग परीक्षकांकडे, काही प्रेक्षकांच्या मतांवर. तेव्हा गटात पहिला प्रश्न हा असावा: ही यादी बोलून ठरली आहे की मोजून? पुढचे सगळे मी मोजून ठरणाऱ्या ऑस्करबद्दल लिहितो आहे.

आता दिग्दर्शकाचा प्रश्न. त्याचे अर्धे उत्तर साध्या वजाबाकीत आहे. २०२२च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात ठरलेली १० नामांकने असतात. दिग्दर्शनात ५. म्हणजे दरवर्षी किमान पाच चित्रपटांचे दिग्दर्शक बाहेर राहणारच, कोणाच्या मनात काहीही नसले तरी.

उरलेले अर्धे उत्तर मतदारांत आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार सदस्य सुमारे दहा हजार. ते व्यवसायानुसार शाखांत विभागलेले आहेत: अभिनेते, दिग्दर्शक, लेखक, संकलक, छायालेखक, संगीत वगैरे. नामांकनाच्या फेरीत अभिनयाची नावे अभिनेते सुचवतात, दिग्दर्शनाची दिग्दर्शक, पटकथेची लेखक. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळ्या शाखा मत देतात. म्हणजे चित्रपटाला नामांकन देणारे लोक आणि त्याच्या दिग्दर्शकाला न देणारे लोक हे एकच नव्हेत. ‘अकादमीने चित्रपटाला दिले आणि दिग्दर्शकाला नाकारले’ हे वाक्यच त्यामुळे चुकते. चित्रपटाला दहा हजारांनी दिले, दिग्दर्शकाची निवड काही शेकड्यांनी केली.

आणि त्या काही शेकड्यांची आवड निराळी असते. दिग्दर्शकांच्या शाखेत जगभरचे दिग्दर्शक आहेत आणि ही शाखा अमेरिकेबाहेरच्या कामाला अनेकदा उचलून धरते. २०१९मध्ये ‘कोल्ड वॉर’साठी पावेल पावलिकोव्स्की आणि २०२१मध्ये ‘अनदर राउंड’साठी थॉमस विंटरबर्ग यांना दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले, तेव्हा त्यांचे चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत नव्हते. तुमच्या गटात ‘दिग्दर्शकाशिवाय चित्रपट कसा?’ असे विचारणाऱ्याला ही उलट बाजूही दाखवा.

मोजणी मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणे तिथेच मिटतात. विधान परिषदेची किंवा राज्यसभेची निवडणूक ज्याने बारकाईने पाहिली आहे त्याला ही पद्धत नवी नाही. मतदार नावे पसंतीच्या क्रमाने लिहितो. पहिल्या पसंतीची मते, कोटा (म्हणजे जागा पक्की व्हायला लागणारी मते), बाद झालेल्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती, सगळे तेच. कोटा काढायचा तो असा: एकूण मतपत्रिकांना ‘जागा अधिक एक’ने भागायचे आणि पुढचा पूर्णांक घ्यायचा. २८८ आमदार आणि राज्यसभेच्या ६ जागा असतील तर २८८ भागिले ७, म्हणजे ४१ आणि वर थोडे, कोटा ४२. ऑस्करमध्ये पाच जागांच्या विभागात सहाने भागतात. समजा दिग्दर्शकांच्या ४८० मतपत्रिका आल्या, तर कोटा ८१. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी समजा ९,००० मतपत्रिका आल्या, तर अकराने भागून कोटा ८१९. म्हणजे नामांकनासाठी बहुमत लागतच नाही. दिग्दर्शनात साधारण सहातल्या एकाने आणि चित्रपटासाठी अकरातल्या एकाने पहिल्या क्रमांकावर लिहिले की नामांकन पक्के.

उदाहरण करून पाहू. ६० मतपत्रिका, ५ जागा. ६० भागिले ६ म्हणजे १०, म्हणून कोटा ११. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: अ १६, ब १२, क ९, ड ८, इ ६, फ ५, ग ४. शिवाय ‘ह’ नावाचा एक चित्रपट आहे. तो ‘ब’वाल्यांच्या १२ आणि ‘क’वाल्यांच्या ९ मतपत्रिकांवर दुसरा आहे, पण पहिला कोणाच्याच नाही.

‘अ’ आणि ‘ब’ने कोटा गाठला, दोघे आत. कोटा २० टक्क्यांहून जास्त ओलांडला गेला असेल तर जादा मते वाया न घालवता पुढे सरकवतात. ११च्या वर २० टक्के म्हणजे १३.२. ‘अ’ त्याच्या पुढे आहे, ‘ब’ नाही. ‘अ’ला पाच मते जास्त आहेत, म्हणून त्याच्या सोळाही मतपत्रिकांवरची दुसरी पसंती वाचायची आणि प्रत्येकीला ५ भागिले १६, म्हणजे ०.३१२५ इतके मूल्य द्यायचे. समजा त्यांतल्या १२ जणांची दुसरी पसंती ‘क’ आहे आणि ४ जणांची ‘ड’. मग ‘क’ला ३.७५ मिळून तो १२.७५वर जातो आणि आत येतो. ‘ड’ ९.२५वर पोचतो. उरल्या दोन जागा आणि चार चित्रपट: ड ९.२५, इ ६, फ ५, ग ४. सर्वांत मागचा ‘ग’ बाद होतो. त्याच्या चार मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहायची. तिघांनी ‘इ’ लिहिले असेल आणि एकाने ‘ड’, तर ड १०.२५, इ ९, फ ५. ‘फ’ बाद. दोन जागांना दोघेच उरले, म्हणून कोटा न गाठताही ‘ड’ आणि ‘इ’ आत. यादी पूर्ण.

आता त्या चार मतपत्रिकांवर चौघांनीही दुसऱ्या जागी ‘फ’ लिहिले असते असे धरा. ‘फ’ ९वर गेला असता, ‘इ’ ६वरच राहून बाद झाला असता. म्हणजे पाचवी जागा कोणाला, हे ठरवले ते हरलेल्या चित्रपटाच्या चार चाहत्यांच्या दुसऱ्या पसंतीने. ‘फ’च्या कामात यामुळे काही उणे निघत नाही आणि त्याला कोणी डावललेलेही नाही. आपण ज्यांच्यासाठी दरवर्षी हळहळतो त्यांतले कितीतरी असे सहाव्या, सातव्या क्रमांकाचे असतात.

आणि ‘ह’कडे पाहा. तब्बल २१ जणांना तो दुसऱ्या क्रमांकाचा वाटला, पण पहिल्या फेरीत एकही मत नसल्याने तो मोजणीत आलाच नाही. ‘सगळ्यांना आवडला होता, तरी नामांकन नाही’ ही तक्रार जेव्हा कानावर येते तेव्हा तो चित्रपट बहुधा ‘ह’ असतो. नामांकनाच्या फेरीत सर्वांच्या पसंतीपेक्षा थोड्यांचा जीव जडणे जास्त कामी येते.

गंमत अशी की अंतिम फेरीत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे गणित उलटे होते. तिथेही पसंतीक्रमच असतो, पण जागा एकच, म्हणून अर्ध्याहून जास्त मते गोळा होईपर्यंत सर्वांत मागचा चित्रपट बाद करत जायचे. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर भरपूर ठिकाणी असणे फायद्याचे ठरते. बाकीच्या विभागांत अंतिम फेरीला साधी मोजणी: ज्याला जास्त मते, तो विजेता. त्यामुळे ‘नामांकने सर्वाधिक, मग तोच जिंकणार’ असे गृहीत धरणाऱ्याची फसगत होते. ९८व्या सोहळ्यापासून, म्हणजे २०२६पासून, अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असणे बंधनकारक झाले आहे. नामांकनाच्या फेरीत मात्र पात्र चित्रपटच काहीशे असतात आणि ते सगळे पाहून मत देणे कोणालाच शक्य नाही. म्हणून ‘काम चांगले की वाईट’ याच्याही आधी ‘किती मतदारांनी ते वेळेत पाहिले’ हा प्रश्न येतो.

वेळापत्रक किती फरक पाडते याचे ठळक उदाहरण २०१३चे आहे. ‘आर्गो’चे दिग्दर्शक बेन अ‍ॅफ्लेक यांना दिग्दर्शनाचे नामांकन नव्हते. त्याच यादीत ‘अमूर’साठी मायकेल हानेके आणि ‘बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड’साठी बेन झाइटलिन होते. त्या वर्षी अकादमीने नामांकनाचे मतदान लवकर संपवले होते आणि अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेची नावे त्यानंतर जाहीर झाली. एरवी या संघटनेची यादी पाहून कोण चर्चेत आहे याचा अंदाज मतदारांना येतो. त्या वर्षी ती पायरी नव्हती, प्रत्येकाने आपापल्या मनाने लिहिले. पुढे संघटनेचा पुरस्कार अ‍ॅफ्लेक यांनाच मिळाला आणि ‘आर्गो’ सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरला. ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’ हेही दिग्दर्शनाच्या नामांकनाशिवाय सर्वोत्कृष्ट ठरले. तेव्हा हे अघटित नाही.

वादाचा एक नियम मी सगळ्यांत वर ठेवतो: जो ‘अमक्याला मिळायला हवे होते’ म्हणेल, त्याने ‘कोणाच्या जागी’ हे त्याच वाक्यात सांगायचे. जागा पाच आहेत, सहावी खुर्ची आणता येत नाही. २०२४ची यादी घ्या. ‘बार्बी’ला आठ नामांकने होती, पण दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांना दिग्दर्शनासाठी आणि मार्गो रॉबी यांना अभिनयासाठी नव्हते. आपल्याकडेही यावर संतापाचा पूर आला. दिग्दर्शनाचे पाच जण होते क्रिस्टोफर नोलन, मार्टिन स्कॉर्सेसी, योर्गोस लँथिमोस, जस्टिन त्रिए आणि जोनाथन ग्लेझर. यांतले कोण काढायचे? हा प्रश्न विचारला की दोन गोष्टी घडतात. निम्मे लोक गप्प होतात, कारण त्यांनी त्या पाचांतले दोनच पाहिलेले असतात. उरलेले खरोखर चित्रपटाबद्दल बोलू लागतात: ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मधला ध्वनीचा वापर, ‘बार्बी’त एवढ्या मोठ्या निर्मितीत सूर धरून ठेवणे, यांत अवघड काय, असे. हे बोलणे ऐकण्यासारखे असते. शिवाय तपशील तपासायची सवय लागते. गर्विग यांना त्याच वर्षी आधारित पटकथेचे नामांकन नोआ बॉमबाक यांच्यासह होतेच आणि रॉबी निर्मात्या म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात होत्या. ‘दोघींना काहीच नाही’ असे म्हणणारा तिथेच चुकला.

पण या नियमाचा गैरवापरही होतो आणि तो रोखायला हवा. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्या कलावंतांना मिळाली. तिथे ‘कोणाच्या जागी?’ विचारून तोंड बंद करणे हा अन्याय आहे. एका यादीतली एक जागा आणि अनेक याद्यांत पुन्हा पुन्हा दिसणारा कल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका नावाचे हुकणे चार मतपत्रिकांनी होऊ शकते, चाळीस नावांचा कल तसा होत नाही. अशा वेळी प्रश्न यादीचा नसतो, मतदार कोण आहेत आणि मुळात कोणते चित्रपट त्यांच्यापुढे येतात याचा असतो. अकादमीनेही तो तसाच घेतला: जानेवारी २०१६मध्ये महिला आणि अल्पसंख्य समूहांतल्या सदस्यांची संख्या २०२०पर्यंत दुप्पट करण्याचे तिने जाहीर केले आणि पुढच्या वर्षांत अमेरिकेबाहेरचे सदस्यही मोठ्या संख्येने घेतले. ‘पॅरासाइट’ २०२०मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, इंग्रजीतर भाषेतला पहिला, तो या बदललेल्या मतदारवर्गात. तेव्हा ‘डावलले’ हा शब्द वापरायचा असेल तर एका वर्षाच्या एका नावावर न वापरता अनेक वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून वापरा. तिथे तो पेलतो.

पैशाचा मुद्दा निराधार नाही. प्रचार मोहिमा चालतात, त्यांवर मोठा खर्च होतो: खास खेळ, व्यवसायातल्या नियतकालिकांत जाहिराती, कलावंतांशी गप्पांचे कार्यक्रम. या खर्चातून मिळते ते मतदाराचे पाहणे. मत मिळेलच असे नाही. मोठ्या मोहिमा दरवर्षी आपटतात. उलट २०२३मध्ये ‘टू लेस्ली’ या अगदी छोट्या चित्रपटासाठी अँड्रिया राइझबरो यांना अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, ते मुख्यतः सहकलाकारांनी एकमेकांना सांगून आणि समाजमाध्यमांवर लिहून. अभिनेत्यांच्या शाखेत तेव्हा सुमारे १,३०० मतदार होते. सगळ्यांनी मत दिले असे धरले तरी कोटा सव्वादोनशेच्या आत येतो. अकादमीने त्या मोहिमेची तपासणी केली आणि नामांकन कायम ठेवले. वर सांगितलेले ‘थोड्यांचा जीव जडणे’ ते हेच.

प्रमुख भूमिका की सहायक, या वादात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. निर्माते ज्या विभागात प्रचार करतात तो मतदारांवर बंधनकारक नसतो. ‘द रीडर’साठी केट विन्स्लेट यांचा प्रचार सहायक अभिनेत्री म्हणून झाला होता, मतदारांनी त्यांना प्रमुख विभागात नेले आणि त्या जिंकल्याही. ‘जूडास अँड द ब्लॅक मसाया’त मात्र लकीथ स्टॅनफिल्ड आणि डॅनिएल कलूया दोघेही सहायक ठरले. मग प्रमुख कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. ध्वनी, दृश्यपरिणाम, रंगभूषा अशा विभागांवर मात्र त्या कामाची जाण असलेला कोणी गटात नसेल तर वेळ घालवू नका.

आता भारत. इथे गोंधळ शब्दांचाच जास्त आहे आणि आपल्या बातम्यांनी तो वाढवला आहे. चार पायऱ्या वेगळ्या ठेवा. पहिली, पात्र चित्रपटांची यादी. ठरावीक मुदतीत अमेरिकेतल्या ठरावीक शहरांपैकी एकात सात दिवस व्यावसायिक खेळ करून कागदपत्रे भरली की चित्रपट तिच्यात येऊ शकतो. गुणवत्तेची चाळणी त्यात नसते. ९७व्या सोहळ्यासाठी अशा ३२३ चित्रपटांची यादी होती, त्यांतले २०७ सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पात्र. तमिळ चित्रपट ‘कंगुवा’ त्यात होता, म्हणून ‘ऑस्करच्या शर्यतीत’ अशा बातम्या झळकल्या. दुसरी पायरी, देशाची प्रवेशिका. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. तिसरी, डिसेंबरातली १५ चित्रपटांची लघुयादी. चौथी, जानेवारीतली ५ नामांकने.

या हिशेबाने आपली मराठी यादी वाचा: ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५). तिन्ही भारताच्या प्रवेशिका होत्या. नामांकन तिघांनाही नाही. ‘श्वास’साठी तर महाराष्ट्रात लोकांनी निधी उभा केला होता, इतका तो आपला वाटला. प्रवेशिका होणे हा मोठाच मान आहे आणि तो त्याच नावाने सांगावा. या विभागात प्रत्यक्ष नामांकन मिळालेले भारताचे चित्रपट तीनच: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’. २०२२च्या चित्रपटांत ‘छेल्लो शो’ लघुयादीपर्यंत गेला होता.

मग ‘ते आपल्याला देत नाहीत’ हा आरोप कोणावर करायचा? यातली पहिली आणि सर्वांत मोठी चाळणी आपल्याच माणसांच्या हाती आहे. २०२४मध्ये २९ चित्रपटांतून ‘लापता लेडीज’ निवडला गेला. त्याच वर्षी पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला होता. मुंबईत आणि रत्नागिरीकडे घडणारा, छाया कदम यांची महत्त्वाची भूमिका असलेला हा चित्रपट आपली प्रवेशिका झाला नाही. ‘लापता लेडीज’ लघुयादीत आला नाही. ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ आला. इथे समिती बसलेली होती, दोन्ही चित्रपट तिच्यापुढे होते, निर्णय बोलून झाला होता. म्हणून इथे ‘का?’ विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि माझ्या मते ती निवड चुकली. महोत्सवांतून आधीच जगभर पाहिला गेलेला, अमेरिकेत वितरक असलेला चित्रपट मतदारांपर्यंत पोचायला सोपा असतो. ‘लापता लेडीज’च्या गोडव्याबद्दल माझा वाद नाही, वाद आहे तो कोणत्या मतदारापुढे काय ठेवायचे याबद्दल.

हे फक्त आपल्याकडे होते असे मात्र नाही. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सने कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ बाजूला ठेवून दुसराच चित्रपट पाठवला होता. तरी ‘अ‍ॅनाटॉमी’ला चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री, पटकथा आणि संकलन अशी पाच नामांकने मिळाली आणि पटकथेचे ऑस्करही. देशाची प्रवेशिका हा एकच दरवाजा नाही, हे यातून दिसते. ‘नाटू नाटू’ गाण्याला ऑस्कर मिळाले तेव्हा ‘आर आर आर’ ही भारताची प्रवेशिका नव्हती. गाण्याचा विभाग संगीत शाखेकडे असतो, देशाकडे नाही. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले तेही असेच, कामाच्या विभागातून.

तुमच्या गटासाठी आता प्रत्यक्ष काय करायचे ते. यादी जाहीर होण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाकडून चिठ्ठ्या घ्या. तीनच विभाग ठेवा: चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनयातला एक. प्रत्येक चिठ्ठीवर दोन रकाने हवेत: ‘मला कोण हवे’ पाच नावे क्रमाने, आणि ‘कोण येईल असे वाटते’ पाच नावे. हे दोन रकाने वेगळे नसले की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण भाकीत आणि आवड यांची सरमिसळ करतो. नावापुढे पाहिले असेल तर खूण करायला सांगा. यादी आल्यानंतर चिठ्ठी घेऊ नका. तेव्हा सगळ्यांनाच आधीपासून माहीत असते.

मग ‘मला कोण हवे’च्या चिठ्ठ्या वर दाखवल्याप्रमाणे फळ्यावर मोजा. साठ माणसे नसतील, पण वीस-पंचवीस हवीत. बारा जणच असतील तर पाच जागांचा कोटा तीनवर येतो आणि तीन मित्र ठरवून कोणालाही आत घालू शकतात. अशा वेळी जागा तीन करा, कोटा चारवर जातो. लहान गटात जादा मतांचे अपूर्णांक सोडून दिले तरी चालेल. वरच्या उदाहरणात ते सोडले तरी तेच पाच येतात, ताडून पाहा. मागचे दोन बरोबरीत असतील तर ज्याला सुरुवातीला पहिल्या पसंतीची मते कमी तो बाद, हे आधीच ठरवून ठेवा.

एक चूक सर्रास होते, ती टाळा: पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार अशी बेरीज. ती सोपी वाटते, पण निकाल पार बदलतो. आपल्या उदाहरणातल्या ‘ह’ला नुसत्या दुसऱ्या क्रमांकांचे २१ गुणिले ४, म्हणजे ८४ गुण मिळतात, आणि ‘इ’ला पहिल्या क्रमांकांचे फक्त ३०. मग तुमची यादी ऑस्करच्या यादीशी ताडता येत नाही, कारण तुम्ही वेगळीच गोष्ट मोजलेली असते. हवे तर एकदा दोन्ही रीतींनी मोजून शेजारी ठेवा. आपल्याच गटाचा लाडका चित्रपट एका फळ्यावर आत आणि दुसऱ्यावर बाहेर दिसला की पद्धत काय करते ते सगळ्यांना एकदम कळते.

चर्चेला ज्याने दोन्ही कामे पाहिली आहेत त्यालाच तुलना करू द्या. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. नामांकित चित्रपटांतले बरेच आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पडद्यावर येतात, म्हणून जानेवारीतला वाद अर्धवटच राहणार हे धरून चाला. चिठ्ठ्या फेकू नका. सोहळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच चिठ्ठ्या परत वाटा, मधल्या काळात जे पाहिले त्यावर नव्या खुणा करायला सांगा, आणि ज्यांना आपला क्रम बदलायचा आहे त्यांनी कोणते नाव खोडून कोणते लिहिले ते उभे राहून सांगावे.